गुरुवार कागदावर नव्हता

बुधवार, ५ नोव्हेंबर २०२५

जयदीपचा फोन आला. दोन वर्षांनी! आधी "ताई, तब्येत कशी आहे", मग "घरी सगळे मजेत ना", आणि मग मुद्दा — "ताई, तुमची ती गेटची सर्व्हिस आहे ना, ती नव्या फ्रेमवर्कवर न्यायचीय. जुन्याचा सपोर्ट संपलाय, वरून रोज तगादा आहे. आमच्यातलं कुणी ते कोड वाचायलाच तयार नाही."

"माझं वय झालंय रे," मी म्हटलं.

तो घाईघाईनं पैशांचं बोलायला लागला. त्याला आठवलं असणार. आठवावं म्हणूनच बोलले.

मग 'हो' म्हणून टाकलं. हे पेपराआडून म्हणाले, "दोन वर्षं त्याचं नाव निघालं की भांडी आदळत होतीस. आणि आता हो?"

म्हणूनच हो.


शुक्रवार, ७ नोव्हेंबर

इथे दुसरं कुणी वाचणार नाही, म्हणून स्पष्ट लिहिते. मी तिकडे कामाला चाललेले नाही. उट्टं काढायला चाललेय.

करमाळ्याहून लग्न होऊन मोशीत आले तेव्हा मला टायपिंगपलीकडे काही येत नव्हतं. चाकणच्या ह्या कंपनीत स्टोअरमध्ये चलनं टाइप करायला लागले. कोपऱ्यात एक कॉम्प्युटर कापड घालून ठेवलेला — नव्या नवरीसारखा, कुणी हात लावायचा नाही. मी लावला. पिंपरी कॅम्पातून जुनी पुस्तकं आणायची, शेजारी डिक्शनरी ठेवायची, आणि एकेक पान चिंच चोखावी तसं चोखत बसायचं. असं करत करत गेटची सर्व्हिस, म्हणजे गेटवर सतत चालणारा प्रोग्राम, लिहिली. माल घेऊन टेम्पो आला की वॉचमन चलनाचा नंबर टाकतो आणि सर्व्हिस सांगते — माल वेळेत आला की उशिरा, आणि गाडी कुठल्या धक्क्याला लावायची. एवढंच. पण ती बंद पडली तर आतली लाईन उभी राहते.

जयदीप कॉलेजातून नुकताच आलेला. डबा नसायचा त्याच्याकडे. मी दोन पोळ्या जास्त न्यायला लागले. कारल्याची भाजी खायला मी शिकवलं त्याला, कोड लिहायलाही मीच.

आणि दोन वर्षांमागे, दिवाळीच्या तोंडावर, त्याने घाईत काहीतरी बदललं, सर्व्हिस पडली, अर्धी शिफ्ट लाईन उभी. यशवंतराव, प्लांटचे मोठे साहेब, त्यांच्यासमोर मीटिंग. जयदीप काय म्हणाला? "ताईंनी हात लावला असेल सर. वय झालं त्यांचं, विसरतात."

मी समोरच बसले होते. त्याच्या बायकोला सातवा महिना होता, फ्लॅटचा हप्ता नुकता सुरू झालेला. गिळलं. वाटलं, संध्याकाळी येईल, ताई चुकलं म्हणेल.

आला तो शाल-नारळ घेऊन. निरोप समारंभ माझाच!

शाल कपाटात तशीच आहे. घडी मोडली नाही.


सोमवार, १० नोव्हेंबर

पहिला दिवस. बस मोशीच्या चौकातच अडकली, उशीर झाला. जयदीपला आता काचेची केबिन आहे. मला बाहेर, झेरॉक्स मशीनच्या शेजारी जागा.

"ताई, एक विनंती," तो म्हणाला. "ह्या वेळेस डोकं लावायचं नाही. हे डॉक्युमेंट. जुनी सर्व्हिस काय काय करते ते सगळं ह्यात आहे. ह्यात जेवढं आहे तेवढंच नव्यात आणायचं. एक ओळ कमी नाही, एक ओळ जास्त नाही."

"हे लिहिलं कुणी?"

"मीच. तुम्ही गेल्यावर."

मी गेल्यावर म्हणे. गेल्यावर! जशी मी कुठे यात्रेला गेले होते.

"जसं कागदावर, तसं करीन," मी म्हटलं. फार गोड आवाजात. माझा आवाज एवढा गोड झाला की समजावं, चुलीवर काहीतरी करपतंय. ह्याला अजून ते समजत नाही.


बुधवार, १२ नोव्हेंबर

आज जुनं कोड उघडलं. जुन्या साड्यांची ट्रंक उघडावी तसं झालं. सगळ्या फंक्शनांची नावं माझ्याच बोलीतली — गाडीआली, चलनबघ, उशीरका. जयदीप मागे उभा राहून हसला. "ताई, हा प्रोग्राम आहे का ओट्यावरच्या गप्पा?"

हस बाबा.

तो गेल्यावर खाली खाली गेले आणि तळाशी सापडलं 'उद्याबघू'. मी विसरले होते! खरंच विसरले होते — पण त्याच्या म्हणण्यासारखं नाही.

चाकणच्या कंपनीला रविवारी सुट्टी. पण तिला माल देणारी छोटी वर्कशॉपं बहुतेक भोसरीतली, आणि भोसरीच्या एमआयडीसीला सुट्टी गुरुवारची. त्या दिवशी तिथली वीज बंद ठेवून दुरुस्त्या होतात, शटर खाली. दवाखाना, बँक, मुलीला बघायला जाणं, सगळं गुरुवारी. कंपनीची मागणी काढणारा प्रोग्राम मात्र परदेशातून आलेला, त्याला कुठला गुरुवार कळायला? तो खुशाल गुरुवारचा माल मागतो. आणि ठरल्या दिवशी माल आला नाही की सर्व्हिस त्या वर्कशॉपच्या नावापुढे लाल शेरा मारते. वर्षात तीन लाल झाले की काम आपोआप बंद, दुसऱ्याला.

म्हणून तेव्हा मी चार ओळी घातल्या होत्या. मागणी गुरुवारची असेल तर शेरा आज नको, उद्या बघू. शुक्रवारी सकाळी माल आला तर तो वेळेत.

कुणाला विचारून घातल्या नव्हत्या. म्हणून कुठे लिहिलेल्याही नाहीत. जयदीपचं डॉक्युमेंट पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा वाचलं. गुरुवार हा शब्दच नाही.

एक ओळ कमी नाही, एक ओळ जास्त नाही.

डबा उघडला. दुधीची भाजी होती, मला न आवडणारी. आज चाटूनपुसून खाल्ली.


शुक्रवार, १४ नोव्हेंबर

मी काही मोडणार नाही. काही लपवणार नाही. मी फक्त ऐकणार. त्याने सांगितलं तेवढंच करणार.

नवी सर्व्हिस सुरू होणार १ डिसेंबरला. म्हणजे पहिला गुरुवार ४ तारखेचा. त्या दिवशी भोसरीचा एकही टेम्पो गेटवर येणार नाही, आणि सर्व्हिस एका दमात सगळ्यांना लाल करेल. यशवंतरावांच्या खोलीतला मोठा स्क्रीन वरपासून खालपर्यंत लाल! गुलाल उधळल्यासारखा. मग ते जयदीपला बोलावतील. मग जयदीप मला बोलावेल. आणि मी माझा चष्मा पुसून म्हणेन, "कागदावर नव्हतं हो साहेब. आणि माझं तर वय झालंय."

हे वाक्य मी बसमध्ये पुटपुटत होते. शेजारची बाई सरकून बसली.


मंगळवार, १८ नोव्हेंबर

कामाबद्दल लिहायचं तर — लिहू नये, पण नवं फ्रेमवर्क, म्हणजे प्रोग्राम ज्यावर उभा करतात तो सांगाडा, फार छान आहे. जुन्यात आपलंच स्वयंपाकघर असल्यासारखं होतं, कुठूनही काहीही ओढून घ्यावं. शेवटी कुठला डबा कुणी उघडा टाकला ते कळायचं नाही. नव्यात आचाऱ्यासारखं वागावं लागतं. दारातच यादी द्यायची, मला हे लागेल, ते लागेल. तेवढंच हातात मिळतं. शिस्त आहे. पहिले दोन दिवस चिडचिड झाली, मग हात बसला. तारखांनी मात्र छळलं. ते आधी महिना म्हणणार, मी आधी दिवस. जमवलं.

दुपारी जयदीप येऊन शेजारी टेकला. बोलता बोलता सवयीनं त्याचा हात माझ्या डब्यातल्या लोणच्याकडे गेला. त्याचं लक्षही नव्हतं.

मी डबा सरकवला.

त्याने हात मागे घेतला. "सॉरी ताई," म्हणाला, आणि उठून गेला.

दोन वर्षं ज्या सॉरीची वाट बघितली ती आली ती लोणच्याबद्दल.


गुरुवार, २० नोव्हेंबर

आज गेटवर शुकशुकाट. वॉचमन ऊन खात बसलेला. "आज भोसरी बंद ताई, आज आपला आराम."

आराम कर बाबा. दोनच गुरुवार राहिले.


सोमवार, २४ नोव्हेंबर

नवी-जुनी ताडून बघायचा दिवस. दोन्हीला तोच माल, तीच चलनं द्यायची, आणि उत्तरं सारखी येतात का बघायचं. माझा जीव टांगणीला. ह्यात गुरुवारचा दिवस आला तर इथेच सगळं उघडं पडणार होतं. पण जयदीपनं तपासायला दिवस निवडले कुठले? सोमवार, मंगळवार, बुधवार. तीन आठवड्यांचे फक्त सोमवार, मंगळवार, बुधवार!

देव आहे.

सगळं तंतोतंत जुळलं. यशवंतराव स्वतः येऊन बघून गेले. जयदीपच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पहिला आठवडा नीट गेला की चारही प्लांटचं बघायचं तुम्हीच." झेरॉक्सशेजारची मी त्यांना दिसले नाही.

ठेवा हात. पहिल्या आठवड्यात गुरुवार येतोच.


गुरुवार, २७ नोव्हेंबर

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. येताना मोशीत न उतरता पुढे भोसरीला गेले, पूनमकडे हळदीकुंकवाला. पूनमचं पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या प्रेसचं छोटं वर्कशॉप आहे. ती मशिनवर, नवरा नवनाथ टेम्पोवर. मी नोकरीत असताना माल अडकणार असेल तर आधी फोन करून सांगायची तिला, तेव्हापासूनची ओळख. आठवड्यात दोघं एकत्र जेवतात ते फक्त गुरुवारी.

सासू अंबुबाई पाट मांडून बसलेल्या. भोसरी गावठाणातल्या जुन्या घरातल्या. मला बघून म्हणाल्या, "आली व्हय चाकणची साहेबीण. बस. पुरण हाय, डाएट बिएट सांगू नगं."

पूनम वाटी भरताना सहज बोलून गेली. "ताई, यंदा दोन लाल झाले बघा. एकदा मोशीत ट्रॅफिक, एकदा टेम्पोचा क्लच. आता मार्चपर्यंत जपून. तिसरा झाला तर हे काम गेलं, आणि आमच्याकडे काम एवढंच."

"आता नाही होत," मी म्हटलं.

पुरण इतकं कोरडं कधी लागलं नव्हतं.


शनिवार, २९ नोव्हेंबर

मी जयदीपसाठी खड्डा खणत होते तेव्हा त्यात आधी कोण पडणार हे दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं. पण 'वर्कशॉपं' म्हणून दिसत होतं. पूनम म्हणून नाही.

चार ओळी घातल्या की झालं. अजून वेळ आहे.

नाही घालणार. दोन वर्षं भाजी आणायला गेले तरी कंपनीतली माणसं विचारायची — "ताई, ते तुमच्याकडून झालं होतं ना?" नाही घालणार.

दुसरा काही मार्ग काढते.


सोमवार, १ डिसेंबर

सुरू झाली. जयदीपनं नारळ फोडला, मला कॉम्प्युटरला हळदकुंकू लावायला सांगितलं. लावलं. पहिला टेम्पो आला, वॉचमननं नंबर टाकला, लगेच उत्तर. जुनीला दोन श्वास लागायचे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

काहीही म्हणा, काम देखणं झालंय.


मंगळवार, २ डिसेंबर

मार्ग सापडला. पूनमला फोन केला. "गुरुवारचा माल बुधवारीच पोचव. कारण विचारू नको. एकदाच, माझ्यासाठी."

"ताई, म्हणजे आज-उद्या डबल शिफ्ट..."

"एकदाच."

"बरं. तुम्ही म्हणताय म्हणून."

आता पूनम वाचली आणि जयदीप मेला! सुंदर. संध्याकाळी शिरा केला. ह्यांनी विचारलं कशाचा, म्हटलं असाच.


बुधवार, ३ डिसेंबर

शिरा पचला नाही. पूनमच्या शेजारी गणराज आहे, स्प्रिंगवाला. त्याच्या मुलीचं लग्न ठरलंय. त्याला लाल पडावा? त्यालाही केला फोन. तिकडे कोपऱ्यावर ते कोकणातले दोघे भाऊ, रबराचे वॉशर करतात, दर गणपतीला मला मोदक पाठवायचे. त्यांनाही. मग पलीकडच्या पेंटवाल्याला. तो म्हणाला, "ताई, तुम्ही सांगताय म्हणजे काहीतरी असणार," आणि त्याने ते वर्कशॉपवाल्यांच्या ग्रुपवर टाकून दिलं.

दुपारपासून गेटवर टेम्पोंची रांग. हायवेपर्यंत! वॉचमन घामाघूम. एकेक ड्रायव्हर मला खिडकीतून हात करतोय. नवनाथ ओरडला, "ताई, तुमच्या शब्दाखातर हां, नायतर बायको मारायला उठली होती."

किती बरं वाटलं. घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. अगदी पहिल्यापासून — गुरुवार, चार ओळी, फोन, सगळं.

ह्यांनी चहाची बशी खाली ठेवली. "म्हणजे सगळ्यांचा माल आजच आला?"

"सगळ्यांचा."

"मग उद्या लाल कोण होणार?"




गुरुवार, ४ डिसेंबर

स्क्रीन हिरवागार. वरपासून खालपर्यंत. एकही लाल नाही.

यशवंतराव म्हणाले, इतका स्वच्छ गुरुवार कंपनीनं कधी बघितला नव्हता. जयदीपला हार घातला.

मी माझ्या हातानं त्याचा सत्कार केला. चुलीवर बसवलेलं पातेलं स्वतःच उतरवून त्याच्या पुढ्यात वाढलं! माझ्यासारखी वेडी बाई शोधून सापडायची नाही.


शुक्रवार, ५ डिसेंबर

आजच लिहायला पाहिजे.

दुपारी जयदीप पेढे घेऊन आला. केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं, खुर्ची दिली. स्क्रीनवर एक मेल दाखवला. सगळ्या पुरवठादारांना गेलेला. काल गुरुवारचा माल पूर्ण आणि वेळेत मिळाला, तेव्हा ह्यापुढे गुरुवारपुरता माल आधी साठवून ठेवला जाणार नाही, गुरुवार हा इतर दिवसांसारखाच पुरवठ्याचा दिवस धरला जाईल.

मी परत वाचला. "अरे, पण गुरुवारी भोसरी..."

"बंद असते. माहीत आहे ताई."

"तुला माहीत होतं?"

"उद्याबघू," तो म्हणाला. "तुम्हीच दाखवलं होतं मला, पहिल्या वर्षी. साहेबांना कधीपासून तो गुरुवार नको होता. लाईन चालू आणि माल बंद, कुणाला परवडतं? मी तुम्हाला सांगितलं असतं ताई, गुरुवार काढा, तर काढला असतात?"

"उभी चिरली असती तुला."

"म्हणून नाही सांगितलं. डोकं लावू नका, एवढंच म्हणालो." हसला. वाईट नाही हसला, तेच जास्त लागलं. जुन्या जयदीपसारखा हसला. "तुमचा राग मला माहीत आहे. कागदावर तेवढंच करा म्हटलं की तुम्ही चिडून तेवढंच करणार. आणि तुमची माया पण माहीत आहे. बुधवारी तुम्ही सगळ्यांना फोन करणार, हेही माहीत होतं. तुम्ही फोन केले नसते तर काल माझी वाटच लागली असती ना."

मी उठले. "उद्याच त्या चार ओळी परत घालते."

"कुणाच्या परवानगीनं? सह्या झाल्या वरून." मग पेढ्यांचा बॉक्स पुढे केला. "घ्या ना ताई. चारही प्लांट मिळाले मला. तुमच्यामुळे."

मी पेढा घेतला नाही. पण तोंडात सबंध रस्ताभर पेढा चिकटल्यासारखं होतं.

मला वाटत होतं मी त्याला ओळखते. माझ्याच डब्यातलं खाऊन वाढलेला. तो तर मला आतून-बाहेरून वाचून बसला होता, माझ्या कोडसारखा.


रविवार, ७ डिसेंबर

भोसरीत गेले. रविवारी तिथे शटर उघडी असतात. पूनम मशिनवर होती, हातमोजे न काढताच म्हणाली, "मेल बघितला ताई. आता दर बुधवारी डबल शिफ्ट. नाहीतर गुरुवारी जनरेटर. तुम्ही त्या दिवशी एकदाच म्हणाला होतात."

मी सगळं सांगितलं. आडपडदा न ठेवता. जयदीप, वय झालं, शाल, चार ओळी मुद्दाम सोडल्या ते. अंबुबाई दाराशी बसून हरभरा सोलत होत्या, त्यांनीही ऐकलं.

पूनमनं मशीन बंद केलं. पहिल्यांदाच तिचा आवाज एवढा खाली आलेला ऐकला.

"म्हणजे राग तुमचा, आणि शिफ्ट आमची वाढली."

मी अंबुबाईंच्या पुढ्यातला हरभरा ओढून सोलायला घेतला.

"आता बेस्तरवार बी न्हाई का?" अंबुबाईंनी विचारलं. "देवाला तरी कवा बसायचं मंग?"

नवनाथ टेम्पोच्या दाराला टेकून उभा. "मी सांगतो, बुधवारी मी गाडी काढतच नाही."

"आणि तिसरा लाल घे," पूनम म्हणाली. "आपल्यालाच पडेल, बाकीचे पोचवतील. गणराज पोचवेल, लग्न आहे त्याच्याकडे."

"गणराजला विचारलंस?" मी म्हटलं.

"काय विचारू?"

"तो काय करणार ते. तो घाबरून पोचवणार, कारण त्याला वाटतं तू पोचवशील. तू पोचवणार, कारण तुला वाटतं तो पोचवेल."

बोलता बोलता मलाच ते नीट दिसायला लागलं. त्या सर्व्हिसचा कण न् कण मी लिहिलेला. ती लाल शेरा मारते एकेकाला. काम काढून त्या दिवशी लाल नसलेल्या दुसऱ्याला देते. पण दुसरा असेल तर! देणार कुणाला, सगळेच लाल असतील तर? त्या ओळीच तिच्यात नाहीत. ते कुणी कागदावर लिहिलंच नाही, कारण असं कधी होईल असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही.

हे सगळं मी मोठ्यानं बोलून टाकलं, पूनम माझ्याकडे बघत होती. हळूहळू तिचा चेहरा बदलला.

"एकाला लाल पडला तर तो बंद," ती म्हणाली. "सगळ्यांना पडला तर त्यांची लाईन बंद."

"ग्रुपवर टाकू?" नवनाथ.

"ग्रुपवर नाही," पूनम म्हणाली. "ग्रुपमध्ये कंपनीची माणसं आहेत. घरोघर जायचं. मी बायकांकडे जाते, तू ड्रायव्हरांकडे. आणि ताई, तुम्ही —"

"मी काय करू?"

"काही नाही. ह्या वेळेस तुम्ही काहीच करायचं नाही. फोन करायची खाज आली तर हात बांधून बसा."

अंबुबाई हसल्या. दात नसलेलं, मोकळं. "तिच्याच्यानं व्हायचं न्हाई बग ते. लई मायाळू."

मला दोनदा मायाळू म्हणालं कुणीतरी ह्या आठवड्यात. दोन्ही वेळा ते शिवीसारखं लागलं.


मंगळवार, ९ डिसेंबर

पूनमचा निरोप. पेंटवाला तयार, कोकणातले भाऊ तयार. गणराजनं आधी नाही म्हटलं. त्याच्या बायकोनं पूनमला आत बोलावलं, पोरीच्या लग्नाची सगळी खरेदी गुरुवारीच करायची ठरलीय म्हणाली, आणि बाहेर येऊन नवऱ्याला सांगितलं, "गुरुवारी शटर उघडलंत तर साडी घ्यायला तुम्ही एकटे जा." तोही तयार.

फसलं तर? फसलं तर ह्यातलं एकेक घर बुडेल, आणि ते पाप माझ्या माथी. जयदीपचं काय व्हायचं ते होवो, त्याचा विचारच आज दिवसभर आला नाही. गंमत आहे. दोन वर्षांत पहिल्यांदा.


बुधवार, १० डिसेंबर

जयदीप टेबलाशी आला. "ताई, मागच्यासारखे फोन करून टाका ना सगळ्यांना. तुमचं ऐकतात."

"बरं," मी म्हटलं. फार गोड आवाजात.


गुरुवार, ११ डिसेंबर

रजा टाकली. पूनमकडे पूजेला गेले, आत्ता परतले. नवनाथ घरी होता, सगळे एका पंगतीला बसलो. चाकणची लाईन सकाळपासून उभी आहे म्हणे. पिशवीत माझा फोन सारखा वाजत होता, स्क्रीनवर जयदीपचं नाव. अंबुबाई म्हणाल्या, "अगं उचल की, कवाचा वाजतोय."

"उद्या बघू," म्हटलं, आणि पोळीवर तूप वाढून घेतलं.